फोन, घड्याळ आणि बंदूक: मार्क्लेच्या फिल्म आपल्या पोरांना दाखवाव्यात का?

पेठेतली:
परवा साताऱ्यात एका ओळखीच्या घरी आम्ही दहा-बारा जणांनी ख्रिश्चन मार्क्ले या स्विस-अमेरिकन कलाकाराच्या कामाच्या क्लिपा टीव्हीवर बघितल्या, तेव्हापासून डोक्यातनं जात नाहीत म्हणून लिहितेय. हा माणूस स्वतः कॅमेरा लावत नाही, जुन्या सिनेमांतले तुकडे कापतो आणि जोडतो. १९९५ चं 'टेलिफोन्स' घ्या, लोक नंबर फिरवतात, रिसीव्हर उचलतात, हॅलो म्हणतात, ठेवतात, बस. २०१० चं 'द क्लॉक' चोवीस तासांचं, पडद्यावरच्या घड्याळात जे वाजलेत तेच आपल्या घड्याळात. आणि या दोन्हींच्या मधे २००७ चं 'क्रॉसफायर', चार बाजूंना चार पडदे, आपण मधे, आणि हॉलिवूडचे हिरो-व्हिलन सगळे थेट आपल्यावर नेम धरून गोळ्या झाडतात. कोण कुणाला का मारतंय, काही नाही. माझं म्हणणं एवढंच की यानं बंदूक फोन आणि घड्याळाच्या रांगेत आणून बसवली, म्हणजे रोजची वस्तू केली, आणि ते आपल्यालाही लागू आहे. कॉलेजच्या पोरांना हे दाखवलंच पाहिजे.

माजी_सुभेदार:
ताई, मला हे पटलं नाही. ही त्यांची अडचण आहे. अमेरिकेत १०० माणसांमागं १२० बंदुका आहेत असा २०१७ चा अंदाज आहे, माणसांपेक्षा बंदुका जास्त. आपल्याकडं लायसन काढताना माणूस टेकीला येतो, आणि इलेक्शन आलं की तीच बंदूक ठाण्यात जमा करायला सांगतात. आपल्या जिल्ह्यात आपशिंगे मिलिटरी आहे, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान गेले. आमच्याकडं बंदूक म्हणजे ड्युटी. आणि नुसतं शस्त्र घरात असल्यानं काही होत नाही, हा मार्क्ले जिथं लहानाचा मोठा झाला त्या स्वित्झर्लंडात फौजेतली माणसं सरकारी रायफल घरी ठेवतात. शिस्त पाहिजे, फिल्म नको.

कोयनाकाठ:
आमच्यात आज्ज्याची ठासणीची बंदूक होती, शेतीरक्षणाच्या लायसनवरची. रानडुकरं एका रात्रीत भुईमूग उकरून टाकायची तवा आज्जा माळ्यावर बसून एक बार काढायचा, तोबी हवेत, नुसत्या आवाजानं पळायची. विळा-खुरप्यासारखीच ती बी वस्तू. मग रोजची वस्तू म्हणून दाखवली तर त्यात वाईट काय ते मला कळंना.

पेठेतली:
दादा, तुमच्या आज्ज्याला ती बंदूक किती जड आहे हे माहीत होतं, सुभेदारकाकांना तर माहीत आहेच. मी बोलतेय ते ज्यांनी हातात धरलीच नाही त्यांच्याबद्दल. माझा भाचा आठ वर्षांचा, दिवाळीत टिकल्यांची बंदूक आणली तर फटाके वाजवायच्या आधी आजीच्या कपाळाला लावली आणि कुठल्यातरी पिक्चरचा डायलॉग मारला, सगळे हसले, कुणीतरी व्हिडिओ काढला आणि संध्याकाळपर्यंत तो सगळ्या नातेवाईकांत फिरला. आजी हसली नाही, ते फक्त मी बघितलं. स्टेटसला गावठी कट्टा (पिस्तूल) घेऊन उभी राहिलेली पोरं आपण सगळ्यांनी बघितलीत. आणि काका, शिस्त आहे म्हणता तर २०१९ ला आर्म्स अॅक्टमध्ये लग्नाबिग्नात हवेत गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड असं वेगळं कलम का घालावं लागलं?

एडिटवाला_सांगली:
मी मधे पडतो कारण माझा धंदाच कापाकापीचा आहे, लग्नाचे आणि वाढदिवसाचे व्हिडिओ करतो. भाईच्या बड्डेचा व्हिडिओ आला की गाण्याच्या बीटवर गोळीचा आवाज टाक म्हणून हमखास सांगतात, आणि टाकला की बघणारा खुर्चीत सरळ होतो, मी स्वतः अनुभवलंय, नंतर मी ते काम घेणंच बंद केलं. 'क्रॉसफायर' त्याच तंत्रावर चालतं. मार्क्ले मूळचा ग्रामोफोनच्या रेकॉर्ड वाजवून संगीत करणारा, गोळ्यांचा ताल कसा धरलाय बघा, ढोलासारखा. कारण काढून टाकलं, मेलेला माणूस काढून टाकला, राहिला नुसता ठेका. पोरांना हे दाखवाल तर त्यांना ते त्यांच्याच रीलचं भारी व्हर्जन वाटणार.

पेठेतली:
एक फरक विसरताय. रीलमध्ये पोरगा बंदुकीच्या मागं उभा असतो. इथं तुम्ही तिच्या पुढं असता, चारी बाजूंनी.

एडिटवाला_सांगली:
चारी बाजूंनी कुठं, तुम्ही टीव्हीवर बघितलंय! सोफ्यावर बसून समोरच्या एका चौकोनात. मान वळवली की स्वयंपाकघर दिसतं. त्या कामाचा सगळा जीव पाठीमागनं येणाऱ्या आवाजात आहे आणि तोच तुमच्याकडं नव्हता. चार पडदे लावून पोरांना मधे उभं करता येत असेल तर बोला, मी वायरिंगला येतो. नाहीतर दाखवू नका, उलटा परिणाम होईल.

पेठेतली:
हे मात्र मान्य करावं लागेल. खरं सांगते, पहिल्यांदा बघताना पोटात गोळा आला होता. नंतर कुणीतरी परत लाव म्हणालं, परत लावलं, आणि तिसऱ्यांदा बघताना माझा पाय ठेका धरत होता. तेव्हाच मी उठून गॅलरीत गेले. पण म्हणूनच मला वाटतं की दाखवावं, एकदाच, आणि नंतर दिवे लावून पायाबद्दल बोलावं.

कोयनाकाठ:
आज्ज्याची बंदूक आमी नंतर ठाण्यात जमा केली, कुणाला लायसन आपल्या नावावर नको हुतं. ताईंचं ते आज्जीचं वाचून आठवलं, आज्जा आमाला मोकळ्या बंदुकीचं तोंडसुदिक माणसाकडं करू द्यायचा नाय. एकदा मी केलं तवा मुस्काटात बसली हुती.

माजी_सुभेदार:
बरोबर केलं त्यांनी. ताई, मी येतो तुमच्या कार्यक्रमाला, पण मला दहा मिनिटं द्या. पोरांना सांगायचंय की खरी गोळी सुटली की कान वाजतात, चार फुटांवरचा माणूस तोंड हलवत असतो आणि ऐकू काही येत नाही. ढोल नाही तो.

एडिटवाला_सांगली:
काका, तुम्ही बोलणार असाल तर दोन पडदे माझ्याकडचे.