शब्दचर्चा: ‘रांग मोडणे’ की ‘नंबर डावलणे’?

प्रश्न

रांगेत मागून येऊन पुढे घुसण्याला मराठीत नेमका शब्द आहे का? आमच्याकडच्या एका धर्मादाय दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीपाशी पाटी लावायची आहे आणि मजकूर मला लिहायचा आहे. खिडकी आठला उघडते. माणसं त्याच्या कितीतरी आधी येऊन ओट्यावर बसलेली असतात. खिडकी उघडली रे उघडली की कुणीतरी थेट आत हात घालतो, “काही नाही हो, फक्त विचारायचंय.” विचारता विचारता त्याचा केसपेपर निघतो. पहाटेच्या एसटीने आलेली, भिंतीला धरून उठणारी आजी तिथेच उभी राहते.

‘रांग मोडणे’ आपण म्हणतो, पण त्यात मोडते ती रांग. आजीचं काय झालं ते त्या शब्दात येत नाही. ‘कृपया शिस्त पाळा’ ही पाटी आधीपासूनच आहे, ती कुणी वाचत नाही. शब्द सुचवा, आणि तो तुमच्याकडे कसा वापरतात तेही लिहा.

कोल्हापूरहून

आमच्याकडं ‘मधी घुसला’ एवढंच म्हणतात, आणि घुसणाऱ्याला “ओ पाव्हणं, लायनीनं या की!” रांग हा शब्द लिहिण्यातला, बोलताना लाईनच. पण तुमच्या कामाचा शब्द मला ‘नंबर’ वाटतो. लाईन सगळ्यांची असते, नंबर आपला एकट्याचा. नंबर लावायचा, नंबर धरायचा, नंबर आला, नंबर गेला. नंबराला माणूस लागतोच असंही नाही. रेशन दुकानासमोर पिशवी, चप्पल, नाहीतर ओळखीचा दगड ठेवला की नंबर लागला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दुकानांसमोर चुन्याचे चौकोन आखले होते, तेव्हाही माणसं सावलीला आणि चौकोनात पिशव्या असंच दिसायचं. त्या पिशव्या सहसा कुणी हलवत नव्हतं. तेव्हा आपल्या लोकांना रांग कळत नाही, हे मला मान्य नाही.

नाशिकहून

‘घुसखोरी’ सुचवणार होतो, पण तो शब्द आता सीमेवरचा झालाय. केसपेपरच्या खिडकीत फार जड होईल. ‘आगाऊ’ छान आहे, पण ते स्वभावाचं वर्णन झालं, कृतीचं नाही.

‘पाळी’ हा याच अर्थाचा जुना आणि चांगला शब्द. ‘आळीपाळीने’मध्ये आणि गिरण्या-कारखान्यांच्या ‘पहिल्या पाळी’त तो टिकून आहे. ‘माझ्यावर ही पाळी आली’ म्हटलं की मात्र संकट. शिवाय मासिक पाळीचा अर्थ पुढे आल्याने चारचौघांत ‘माझी पाळी आली’ म्हणायला लोक कचरतात. त्या जागी ‘नंबर’ येऊन बसला, तो बहुधा यामुळेच. मुलं अजून ‘माझा डाव’ म्हणतात, पण तो खेळातच.

सोलापूरहून

आमच्या बाजूला ‘बारी’ म्हणतात. पंढरपूरची दर्शनबारी सगळ्यांना माहीत आहे. आषाढीला ती गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत आणि त्याच्याही पुढे जाते, आणि माणसं रात्रंदिवस तिथे उभी असतात, बसतात, अभंग म्हणतात, आळीपाळीने डुलकी काढतात. आत वेगळ्या दाराने कुणी जाऊन आलं अशी कुणकुण लागली की बारीत जो संताप उसळतो, तो शिस्त मोडल्याचा नसतो. देवापुढे सगळे सारखे म्हणून मी इतका वेळ उभा आहे, आणि तेवढंच खोटं पडलं, असा तो असतो.

मला यात आणखी एक गोष्ट दिसते. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं, ते विठ्ठलाचं दार अस्पृश्य मानलेल्यांना उघडावं म्हणून. म्हणजे या बारीत उभं राहायला मिळणं हाच कितीतरी माणसांसाठी झगडून घेतलेला हक्क आहे. रांगेत उभं राहणं म्हणजे गरिबाची शिक्षा, असं समजून जो बाजूने पुढे जातो त्याला हे ठाऊक नसतं.

साताऱ्याहून

वरच्या प्रतिसादावरून आठवलं. मराठीत एक शब्द आहे आणि तो आपण वापरायचा विसरलोय: पंक्तिप्रपंच. एका पंगतीत बसलेल्यांपैकी ओळखीच्या पानावर तुपाची धार आणि शेजारच्या पानावरून नुसतं भांडं फिरवणं, याला पंक्तिप्रपंच म्हणतात. यात दोष जेवणाऱ्याचा नाही, वाढणाऱ्याचा आहे.

आता तुमची खिडकी बघा. हात बाहेरून आला, पण केसपेपर आतून निघाला. आतल्या माणसाने “मागे या” म्हटलं असतं तर घुसणारा काय करणार होता? बहुतेक ठिकाणी रांग खिडकीच्या आतून मोडली जाते. बँकेत पैसे काढताना पूर्वी पितळी बिल्ला मिळायचा, आता टोकनाची चिठ्ठी मिळते. बिल्ला हातात असला की माणसं बाकावर निवांत बसायची. पण रोखपाल बिल्ल्याचा आकडा सोडून ओळखीच्याला नावाने हाक मारायला लागला की सगळी पुन्हा जाळीपाशी गोळा. हा पंक्तिप्रपंचच.

जुन्या पंगतीची दुसरी बाजूही सांगायला हवी. तिथे पानावर बसायलाच कुणाकुणाला मज्जाव होता, आणि त्याला पंक्तिव्यवहार असं साळसूद नाव होतं. म्हणून शब्द घ्यावा, पंगत घेऊ नये.

डोंबिवलीहून

लोकलच्या बायकांच्या डब्यात रांग दिसतच नाही, पण नंबर असतो. बसलेल्या बाईला विचारायचं, “कुठे उतरणार?” ती म्हणाली घाटकोपर, की ती सीट आपली. तोपर्यंत दुसरी कुणी येऊन विचारते, तेव्हा बसलेली बाईच सांगते, “या ताईंना दिलीय.” मग ती दुसरी या ताईंना विचारते, “तुम्ही कुठे?” म्हणजे एका सीटमागे तीन-तीन जणी, त्याही डब्यात तीन वेगळ्या ठिकाणी उभ्या, आणि क्रम सगळ्यांच्या ध्यानात. दादर आलं की खिडकीजवळची उठते, बाकावरच्या एकेक सरकतात, चौथ्या सीटवर अर्धवट टेकलेलीला पाठ टेकायला मिळते, आणि मग नंबरवाली बसते. हे कुठेही लिहिलेलं नाही. ‘दिलीय’ या एका क्रियापदावर चालतं.

आणि त्यात कुणी सरळ बसलीच तर तिला कुणी ‘रांग मोडली’ म्हणत नाही. “अहो, यांना सांगितलेली सीट आहे,” असं म्हणतात. म्हणजे मोडला तो शब्द, आणि ज्यांचा मोडला त्या समोर उभ्या आहेत. तुम्हाला आजी दिसणारा शब्द हवा होता ना, म्हणून हे लिहिलं.

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकणं मी यात धरत नाही. तिथे नंबर लावलेला नसतो, पळवलेला असतो.

लातूरहून

नळावर आमच्याकडे ‘हंडे लावतात’. ज्याचा त्याला आपला हंडा ओळखू येतो, काठाला पोचा असतो, नाहीतर गळ्याला तांबडा दोरा. हंडा रांगेत ठेवून बाई घरी जाऊन भाकरी टाकून येते. धार बारीक झाली की ‘घरटी दोन हंडे’ हे तिथेच ठरतं. पण २०१६ च्या उन्हाळ्यात हेच लातूर होतं. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या जागांभोवती जमावबंदी लावावी लागली, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. माणसं तीच, हंडेही तेच. पुढच्याचं भरून झाल्यावर आपल्याला उरेल, हा भरवसा गेला होता. भरवसा गेल्यावर कुणाला काय म्हणून रांगेत उभं करणार?

मुंबईहून

लातूरकरांशी सहमत, आणि म्हणूनच पाटीवर ‘शिस्त’ शब्द नको. मराठीत गर्दीची चढती भाजणी आहे: रांग, रीघ, झुंबड, रेटारेटी, चेंगराचेंगरी. शेवटच्या पायरीपर्यंत गेलो की आपण लगेच म्हणतो, लोकांना शिस्त नाही. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २३ माणसं गेली. पाऊस होता, जिना अरुंद होता, एकामागून एक गाड्या माणसं उतरवत होत्या. नवा पूल लष्कराकडून बांधून घेतला आणि तो फेब्रुवारी २०१८ मध्ये सुरू झाला. त्या सकाळी जिन्यावरची माणसं बेशिस्त नव्हती, त्यांना जागा नव्हती. हीच मुंबई बेस्टच्या थांब्यावर आणि शेअर रिक्षाला रोज रांग लावते.

मात्र याचा अर्थ घुसणारा निर्दोष असा मी लावत नाही. रेल्वेचं फाटक पडलेलं असताना दोन्ही बाजूंनी काय होतं ते बघा. एकाला धीर नसतो, तो उजवीकडून पुढे जाऊन उभा राहतो. त्याच्यामागे दुसरा, मग टेम्पो. समोरही तेच. फाटक उघडतं तेव्हा रस्ताभर वाहनं एकमेकांकडे तोंड करून उभी, आणि गाडी निघून गेली तरी कुणालाच हलता येत नाही. तिथे पूल नको होता, जागा कमी नव्हती. पहिल्या माणसाने थांबायला हवं होतं.

प्रश्न विचारणारी

सगळ्यांचे आभार. वाचता वाचता मला ‘डावलणे’ सापडला. ‘सेवाज्येष्ठता डावलून बढती’ असं आपण रोज वाचतो. डावलणे म्हटलं की ज्याचा हक्क आधीचा होता तो माणूस वाक्यात हजर होतो. ‘तो मधे घुसला’ यात तो एकटाच दिसतो, ‘त्याने आजीला डावललं’ यात आजीही दिसते. रांग मोडली जाते, नंबर डावलला जातो, आणि खिडकीच्या आत होतो तो पंक्तिप्रपंच. तीन वेगळ्या गोष्टी, तीन वेगळे शब्द, आणि तिन्ही लागतातच.

पाटी अशी करतेय: “तुमच्या आधी आलेल्यांचा नंबर डावलू नका. विचारायचं असेल तर डावीकडच्या टेबलावर विचारा.” ते टेबल मांडायचं दवाखान्याने कबूल केलंय. ‘फक्त विचारायचंय’वाल्यांतले निम्मे खरोखर विचारायलाच आलेले असतात, त्यांची आजवर सोय नव्हती. आतल्या बाजूलाही एक चिठ्ठी लावणार आहे: “नंबरानेच केसपेपर द्यावा.” पंक्तिप्रपंच हा शब्द तिथे लिहिला असता, पण तो समजावून सांगावा लागेल.

डोंबिवलीहून पुन्हा

पाटी आवडली. एक भर घालते. तान्हं मूल घेतलेली किंवा धाप लागलेला कुणी आला तर त्याला पुढे सोडायचं की नाही, यावर खिडकीपाशी वाद होतात. भाषेत तो वाद सुटलेला आहे. ‘पुढे जाणे’ आणि ‘पुढे घेणे’ ही दोन वेगळी क्रियापदं आहेत. जाणारा आपल्या मनाने जातो. घेतात ते मागे उभे असलेले, “यांना पुढे घ्या” म्हणून. खिडकीतल्याने परस्पर घेतलं तर लोक चिडतात, आणि त्यानेच आधी मोठ्याने विचारलं, “यांना घेऊ का?” तर बहुतेकदा रांगेतूनच “घ्या, घ्या” येतं. जमल्यास आतल्या चिठ्ठीवर हेही लिहा, की कुणाला पुढे घ्यायचं असेल तर रांगेला विचारून घ्यावं.