मदत हवी आहे: बीन्स शिजतच नाहीयेत, संध्याकाळी पाहुणे आहेत!!

अबोली_फुलं
सकाळी नऊपासून गॅसवर आहेत, आता दोन वाजत आले. सालं सुटून वर तरंगतायत, पण दाणा चावला की आत खडूसारखा कच्चट. गॅस मोठा करून झाला, झाकण ठेवून झालं, पाणी वाढवून झालं. सात वाजता पाहुणे यायचेत आणि राईस अँड बीन्स सोडून दुसरं काहीही केलेलं नाही. काय करू? प्लीज लवकर सांगा.

शेंगदाण्याचं_कूट
कुठले बीन्स? कोरडे की डब्यातले? भिजवले होते का?

फोडणीबाज
कुकरला लावा. पाच-सहा शिट्ट्या. विषय संपला.

अबोली_फुलं
राजमा. कोरडा. भिजवला अर्थातच, रात्रभर. कुकर नको, ओरिजिनल पद्धतीनेच करायचाय.

निवांत_माणूस
ओरिजिनल म्हणजे कुठली? मी दिल्लीत राहतो, इथे शेजारीपाजारी सगळे कुकरच लावतात.

अबोली_फुलं
पंजाबी नाही हो! अमेरिकेतल्या लुइझियानाचे रेड बीन्स अँड राईस. नवऱ्याच्या टीममधला एक जण न्यू ऑर्लीन्सचा आहे, तो आणि त्याची बायको येतायत. रेसिपी त्याच्याच आईची. त्यात जाड बुडाचं भांडं आणि मंद आच असंच लिहिलंय. कुकरचं नाव नाही.

ह्यूस्टनची_काकू
अगं आधी सांगायचंस ना. मी आधी बरीच वर्षं लुइझियानातच, बॅटन रूजला होते. हा तिकडचा सोमवारचा पदार्थ. जुन्या काळी सोमवार म्हणजे कपडे धुण्याचा दिवस. बायका सकाळी राजमा चुलीवर चढवायच्या, त्यात रविवारच्या जेवणातलं उरलेलं डुकराच्या मांडीचं हाड टाकायच्या, आणि धुणं होईपर्यंत तो आपला आपण शिजायचा. अजूनही तिथल्या कितीतरी खानावळींत सोमवारी हाच बेत असतो. आमची शेजारीण कांदा, सेलरी आणि हिरवी ढोबळी मिरची बारीक चिरून तेलात अगदी मऊ होईपर्यंत परतायची. या तिघांना तिकडे 'होली ट्रिनिटी' म्हणतात. मग लसूण, तमालपत्र, थाइम, लाल तिखट. शेवटी डावाने थोडा राजमा भांड्याच्या कडेला दाबून ठेचायचा, त्यानेच रस्सा दाट होतो. क्रीम नाही, पीठ नाही. हे सगळं केलंस का?

अबोली_फुलं
काकू हे सगळं केलं. ठेचायला दाणा मऊ तर हवा!

जॅझप्रेमी
जॅझवाला लुई आर्मस्ट्राँग या पदार्थाचा इतका वेडा होता की पत्राखाली 'रेड बीन्स अँड राईसली युवर्स' अशी सही करायचा. बाकी चालू द्या.

आळशी_बल्लव
पुढच्या वेळी स्लो कुकर घ्या. रात्री सगळं टाकायचं, सकाळी तयार. मी सगळी कडधान्यं तशीच करतो. गॅससमोर उभं राहायचं नाही, काही नाही.

डॉक्टरीण_बाई
आळशी_बल्लव, राजमा तरी तसा करू नका, हात जोडते. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी द्रव्य असतं. चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी उलट्या-जुलाब होतात. ते खळखळत्या उकळीने मोडतं. स्लो कुकरमध्ये बऱ्याचदा तेवढी उष्णता होतच नाही, आणि कमी तापमानाला अर्धवट शिजलेला राजमा कच्च्यापेक्षाही वाईट. अमेरिकेची एफडीए सांगते: किमान 5 तास भिजवा, ते पाणी फेका, ताज्या पाण्यात किमान 30 मिनिटं उकळा. अबोली, तुझा राजमा इतका वेळ उकळतोय, तेव्हा ती काळजी तुला नाही.

आळशी_बल्लव
मी इतकी वर्षं खातोय, मला काही झालं नाही.

डॉक्टरीण_बाई
हेल्मेटबद्दलही लोक हेच म्हणतात.

फोडणीबाज
मीठ कधी घातलं ते सांगा आधी. सुरुवातीला मीठ घातलं असेल तर कडधान्य जन्मात शिजत नाही. आमच्या घरी आजीपासून हा नियम आहे.

रसायनवाला
हा नियम आजीबरोबरच जाऊ द्या. मिठातला सोडियम सालीतल्या पेक्टिनमधल्या (दाण्याला घट्ट धरून ठेवणारं द्रव्य) कॅल्शियम-मॅग्नेशियमची जागा घेतो आणि साल उलट मऊ होते. भिजवायच्या पाण्यातच मीठ घालावं, दाणे फुटतही नाहीत. शिजू देत नाही ती आंबट वस्तू. नाहीतर कॅल्शियम. नाहीतर जुना माल.

फोडणीबाज
पुस्तकातली विद्या. स्वतः कधी उसळ केलीय का?

रसायनवाला
रोज करतो. बायकोला माझ्या हातची आवडते, तुमचं तुम्ही बघा.

कोरेगावकर
राजमा कुठून आणलाय? मॉलमधला राजमा किती जुना असतो कोणाला माहीत. आमच्याकडे कोरेगावचा वाघ्या घेवडा घेऊन बघा, पांढऱ्यावर लाल रेघांचा, भौगोलिक मानांकन मिळालेला आहे. नवा माल असेल तर लोण्यासारखा शिजतो. गोडा मसाला, गूळ आणि ओलं खोबरं. राजमा-बिजमा विसराल.

अबोली_फुलं
साताऱ्याचा घेवडा आत्ता सात वाजेपर्यंत कुठून आणू? राजमा इथल्याच दुकानातला, न्यू ऑर्लीन्सच्याच कॅमेलिया ब्रँडचा. पाकीट गेल्या महिन्यातच घेतलंय.

शेंगदाण्याचं_कूट
मग माल ठीक असणार. मला सांग, भांड्यात आत्ता नक्की काय काय आहे? सगळं लिही. 'बाकी नेहमीचं' असं लिहू नकोस.

अबोली_फुलं
राजमा, पाणी, काकूंनी लिहिलं ते सगळं, स्मोक्ड टर्कीचा पाय (नवरा पोर्क खात नाही), मीठ, टॅबॅस्को, टोमॅटो.

रसायनवाला
टोमॅटो!!! कधी घातला? किती?

अबोली_फुलं
सुरुवातीलाच, परतताना. दोन डबे. राजमा टोमॅटोशिवाय होतो का कुठे?

ह्यूस्टनची_काकू
त्याच्या आईच्या रेसिपीत टोमॅटो आहे??

अबोली_फुलं
नाही, पण रंग येत नव्हता.

रसायनवाला
टोमॅटो आंबट. टॅबॅस्को म्हणजे मिरची आणि व्हिनेगर, तेही आंबट. आंबटात पेक्टिन विरघळतच नाही, वर्षभर उकळलंत तरी. पंजाब्यांचं बघा, आधी राजमा कुकरमध्ये नुसत्या पाण्यात शिजवतात, टोमॅटोचा मसाला नंतर. लुइझियानात तर टोमॅटोच घालत नाहीत, आणि हॉट सॉस ताटात.

मडगांवकार
कोणी आमच्या गोव्याचं नाव काढेना म्हणून लिहितो. आमच्या फेजुआदात तांबडे बीन्स आणि गोव्याचे चोरीस (डुकराच्या मांसाचे सॉसेज) असतात, नारळाचा रस असतो. चोरिसात व्हिनेगर ठासून भरलेलं, पण ते घालतात बीन्स शिजल्यावर! पोर्तुगीज लोक चारशे वर्षं राहून हा एवढा एक चांगला धडा देऊन गेले. आणि सोबत उकड्या तांदळाचा भात. तुमचा तो लांब दाण्याचा मोकळा भात मला तर पाहवत नाही.

ह्यूस्टनची_काकू
मोकळाच हवा. लांब दाण्याचा साधा तांदूळ. बासमती नको गं, त्याचा वास सगळ्यावर बसतो.

सोलापुरी_चादर
ताई, ते टोमॅटोचं खरं असंल, पण मला सांगा पाणी कुठलं वापरलंय? आमच्या गावाकडं बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ घटकाभर रटरटली तरी शिजत नाही की ओ. डाळीपुरतं पाणी वेगळं, गोड्या विहिरीचं एक हंडा आणतात अजून. तेही नसलं तर चिमूटभर खाण्याचा सोडा. तुम्ही राहता कुठं?

अबोली_फुलं
सॅन अँटोनियो, टेक्सास. नळाचंच पाणी.

रसायनवाला
सोलापुरी, तुम्ही खरे शास्त्रज्ञ. सॅन अँटोनियोचं बरंचसं पाणी एडवर्ड्स नावाच्या भूजलसाठ्याच्या चुनखडीतून उपसलेलं. म्हणजे चांगलंच जड, कॅल्शियमने भरलेलं. ताई, तुमच्या नळाच्या तोटीवर पांढरा थर बसतो का?

अबोली_फुलं
बसतो! किटलीत तर पापडीच जमते. भाड्याचं घर आहे, सॉफ्टनर नाही. म्हणजे टोमॅटोमुळे की पाण्यामुळे??

रसायनवाला
दोन्ही. आता ऐका. राजमा चाळणीत ओता, रस्सा आणि टर्की बाजूला ठेवा. राजमा धुऊन घ्या. बाटलीबंद पाणी आणा, मिनरल वॉटर नको, 'डिस्टिल्ड' किंवा 'प्युरिफाइड' असं लिहिलेलं. अर्ध्या किलो राजम्याला पाव टीस्पून खायचा सोडा, त्याच्या वर नाही, नाहीतर साबणासारखी चव येते आणि दाण्याचा चिखल होतो. शिजला की मगच रस्सा परत मिसळा, अंदाजाने.

पोषणआहार
सोड्याने ब जीवनसत्त्व नष्ट होतं. मी कधीच वापरू देत नाही.

सोलापुरी_चादर
एका संध्याकाळी पाहुण्यांचं ब जीवनसत्त्व कमी पडलं तर चालतंय की.

फोडणीबाज
आणि कुकर! किती वेळा सांगू?

शेंगदाण्याचं_कूट
या एका बाबतीत फोडणीबाज बरोबर आहेत. घरात कुकर आहे ना तुझ्या?

अबोली_फुलं
आहे. रेसिपीत नाही म्हणून काढला नव्हता. पाणी आणायला नवऱ्याला पाठवलंय.

निवांत_माणूस
पाहुणे येईपर्यंत एक शंका. अमेरिकेच्या दक्षिणेत नववर्षाला चवळी-भात खातात ना, तोच का हा?

ह्यूस्टनची_काकू
नाही, तो हॉपिंग जॉन. साउथ कॅरोलिनाकडचा. चवळी आणि तांदूळ, 1 जानेवारीला नशीब उघडावं म्हणून, सोबत कोलार्डची पालेभाजी. पाला म्हणजे नोटा, अशी समजूत. चवळी आफ्रिकेतून आली, आणि भातशेतीची अक्कलही तिथूनच धरून आणलेल्या गुलाम माणसांची. लाल राजमा-भाताचं नातं मात्र कॅरिबियनशी सांगतात. हैतीतल्या क्रांतीनंतर क्युबाला गेलेले हजारो लोक 1809 मध्ये न्यू ऑर्लीन्सला उतरले, त्यांच्याबरोबर हे जेवण आलं असं तिकडे मानतात. हैतीत आजही भात-राजमा रोजचाच.

वऱ्हाडी_ठेचा
बाप्पा, किती ते ज्ञान! आम्ही राजम्यात ठेचा घालतो अन् ज्वारीची भाकर. बस.

शुद्ध_शाकाहारी
टर्की-पोर्क नको असेल तर मी काय करते सांगते: स्मोक्ड पाप्रिका, आणि शिजलेल्या राजम्यावर वाटीत जळता कोळसा ठेवून त्यावर तूप सोडायचं, पाच मिनिटं झाकण. तोच धुरकट वास. आणि शाकाहारी मंडळींनी लुइझियानात बाहेर कुठेही रेड बीन्स विचारल्याशिवाय खाऊ नयेत, त्यात बहुतेक वेळा डुक्कर असतंच.

निवांत_माणूस
अबोलीने टर्की घातलीय, शाकाहारी कोणी विचारलंच नव्हतं 🙂

शुद्ध_शाकाहारी
वाचणाऱ्या इतरांसाठी लिहिलं. धागा काय एकट्या अबोलीचा आहे का?

पोषणआहार
ज्यांना मूतखडा आहे त्यांनी राजमा डॉक्टरांना विचारूनच खावा.

अबोली_फुलं
शिजला!!! बाटलीतलं पाणी, सोडा, कुकर, सहा शिट्ट्या. झाकण उघडलं तर डावाने नुसतं दाबलं की पीठ. आंबट झालेला रस्सा निम्माच घातला. टर्कीचं मांस सोडवून परत टाकलं, डाव भांड्याच्या कडेला घासत ठेचलं, रस्सा असा दाट झाला की डावाची रेघ उमटते. भाताचं बघते आता. बाकी नंतर.

फोडणीबाज
कुकर.

रसायनवाला
पाणी.

अबोली_फुलं
जेवून गेले सगळे. त्याने दोनदा घेतला. कुकर लावल्याचं नवऱ्याने सांगून टाकलं, तर तो म्हणाला त्याची आईही आता इन्स्टंट पॉटच (विजेचा कुकर) वापरते. 🤦‍♀️ टोमॅटोचं मात्र त्याने लगेच ओळखलं. 'हे काय लाल लाल' म्हणाला, पण खाल्लं. तिच्या रेसिपीत अर्धा किलो राजम्याला एक मोठा कांदा, सेलरीच्या दोन काड्या, एक ढोबळी मिरची, चार लसूण पाकळ्या, दोन तमालपत्रं आहेत, कोणाला हवं असेल तर.

पुणेरी_पाटी
आत्ता सकाळी वाचलं, आज करून बघणार. एक प्रश्न: सेलरी कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे मिळत नाही. त्याऐवजी काय?

वऱ्हाडी_ठेचा
कोथिंबिरीचे देठ.

शुद्ध_शाकाहारी
ओव्याची पानं घाला, वास थोडा जवळ जातो.

ह्यूस्टनची_काकू
ओव्याची पानं अजिबात नको, भजी केल्यासारखं लागेल. सेलरी नसेल तर कांदा वाढव आणि गप्प बस. पण ढोबळी मिरची हिरवीच घे, लाल-पिवळी गोड लागते.

पुणेरी_पाटी
आणि आमच्याकडे पाणी कॉर्पोरेशनचं आहे, बोअरचं नाही. तरी सोडा लागेल?

रसायनवाला
नाही. भिजवताना मीठ घाला फक्त.

फोडणीबाज
मीठ शेवटी.