लिनोवर ‘माटोळी’: ळ शाईने भरतो, शिरोरेषा फिकी येते

रेषा_डिचोली: माटोळी (गोव्यात गणपतीवर बांधतात ती फळा-पानांची सजावट) स्पर्धेचं १२ बाय १८ इंची पोस्टर करतोय. शीर्षक लिनोवर (लिनोलियमच्या मऊ तुकड्यावर) कोरून, छापून, मग स्कॅन करून ऑफसेटला द्यायचंय. अक्षरं साधारण ३ इंच उंच, शाई तेलाची, कागद ३०० जीएसएम (म्हणजे जाड), दाब चमच्याच्या पाठीने. ळ-ची घरं (आतल्या पांढऱ्या पोकळ्या) भरतात, शिरोरेषा मध्येच फिकी पडते. त्यात पावसामुळे ठसे सुकत नाहीत. काय बदलू?

लिनो_फोंडा: शिरोरेषेचा दोष कागदाचा आहे. ३०० जीएसएम चमच्याने दबत नाही, त्याला प्रेस लागते. तुम्हाला स्कॅनच करायचंय, मग ६० ते ९० जीएसएमचा गुळगुळीत कागद घ्या. चमचा आधी शिरोरेषेच्या लांबीने फिरवा, मग दंडांवर. एक बाजू घट्ट धरून दुसरीकडून कागद उचलून बघा. फिकं दिसलं तर तसाच खाली सोडून पुन्हा घासा.

ळ भरतो तो जास्त शाईमुळे. काचेवर रोलर फिरवताना बारीक चरचर आली की पुरे. चटचट चिकट आवाज आला तर शाई काढून टाका. एका जाड थरापेक्षा तीन-चार पातळ थर द्या, दर वेळी रोलरची दिशा बदलून. शाई थोडी पसरतेच, म्हणून ळ-ची दोन्ही घरं मूळ रेखाटनातच जरा मोठी काढा. कोरताना भिंती बाहेर उतरत्या ठेवा. खालून पोखरलेली भिंत दाबाखाली तुटते, आणि ळ-मध्ये दोन घरांमधला बारीक भाग पहिला जातो. लिनो कडक वाटला तर थोडा गरम करून घ्या, हत्यार घसरत नाही.

छपाई_म्हापसा: वरचं सगळं पटतं. सुकण्याचं म्हणाल तर तेलाची शाई हवेतल्या ऑक्सिजनने घट्ट होते, दमट हवेत वेळ लागणारच. ठशावर कोरा न्यूजप्रिंट ठेवून हलक्या हाताने टिपा, कागद बदलत दोन-तीनदा. मग पंख्याखाली टांगा. ओला ठसा स्कॅनरच्या काचेवर ठेवू नका.

स्कॅन ग्रेस्केलमध्ये, ६०० डीपीआयला. लेव्हल्स लावून (काळं-पांढरं ठळक करून) १२०० डीपीआयचा बिटमॅप (फक्त काळे-पांढरे ठिपके) करा. ऑटो ट्रेस (सॉफ्टवेअरने आपोआप कडा आखणं) नकोच: हत्याराच्या कडा गोल होतात, आणि त्या कडांसाठीच तर हाताने कोरलंत! काळा रंग फक्त के (काळ्या शाईच्या) प्लेटवर ठेवा, चार रंगांत फोडलात तर रजिस्टर (रंगांची एकमेकांवरची जुळणी) जरासं हललं तरी कड धूसर होते.

रेषा_डिचोली: पार्श्वभूमीला आंब्याच्या पानांचे ठसे चालतील?

लिनो_फोंडा: उत्तम! खालच्या बाजूला शाई लावा, शिरा तिथे उठून असतात. ताजं पान दाबल्यावर पाणी सोडतं, म्हणून आधी एक-दोन दिवस वर्तमानपत्रात वजनाखाली ठेवा. पूर्ण वाळू देऊ नका, तडकतं.