जुनी मारुती ८००: ब्रेकमधली हवा घरी कशी काढू?

मागचा व्हील सिलिंडर (चाकातला ब्रेक दाबणारा भाग) बदलल्यापासून पेडल खाली जातं, दोनदा पंप केलं की घट्ट. पेडलवर बायको बसेल. सुरुवात कुठल्या चाकापासून?

– हवाच आहे. मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलणारा) उजवीकडे, म्हणून सगळ्यात लांबचं मागचं डावं आधी. मग मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. निपलला (चाकामागचा हवा सोडायचा स्क्रू) पारदर्शक नळी, टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडालेलं. वहिनींनी पेडल दाबलं की निपल सैल करा; तो बंद होईपर्यंत त्यांनी पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा परत आत. बुडबुडे थांबेपर्यंत हेच.

– मास्टर सिलिंडरवरच्या डबीतलं ऑइल संपू देऊ नका, सगळं पहिल्यापासून करावं लागतं! डॉट ३ (ब्रेक ऑइलचा प्रकार) सीलबंदच घ्या, उघडं राहिलेलं पाणी शोषतं. रंगावर सांडलं तर लगेच धुवा.

– निपल गंजलाय? रिंग पानाच लावा. फिक्स (उघड्या तोंडाच्या) पान्याने कडा गोल होतात, मग बसा.