सकाळी डिझेल पिकअप पटकन लागत नाही, पंप-नोझल खरंच गेलेत का?

शिवारवाट
मंडळी, सल्ला हवाय. बीएस-४ डिझेल पिकअप आहे, कॉमन रेलवाली (चारही नोझलला एकाच जाड नळीतून, म्हणजे रेलमधून, जबर प्रेशरचं डिझेल जातं ती). रात्रभर उभी राहिली की सकाळी लांबलचक स्टार्टर मारावा लागतो, मग अडखळत चालू होते. नंतर दिवसभर हात लावला की सुरू. अंगणात तोंड चढाला करून लावली तर त्रास जास्त. बॅटरी नवी आहे. गॅरेजवाला म्हणतो चारही नोझल आणि पंप उतरवू. टोमॅटोचा सीझन तोंडावर आलाय, नारायणगावला माल न्यायचाय. काय करू?

ग्रीसकाका
नोझलला इतक्यात हात लावू देऊ नका. चढाला लावल्यावर त्रास वाढतो, हे तुम्हीच लिहिलंय. टाकी खाली, इंजिन वर. लाईनमध्ये कुठे बारीक हवा शिरत असेल तर रात्रीतून डिझेल टाकीकडे उतरतं. मग सकाळी पंप आधी हवाच ओढत बसतो, आणि रेलमध्ये दोनेकशे बारच्या आसपास प्रेशर झाल्याशिवाय ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, नोझल उघडत नाही. अशा जागी खाली डिझेलचा थेंबही दिसत नाही बरेचदा, कारण ती लाईन ओढीवर असते, डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत ओढली जाते. मेकॅनिक लोक तिथेच फसतात.

उद्या चावी फिरवण्याआधी फिल्टरवरचा हँड प्रायमर, म्हणजे हाताने डिझेल ओढायचा छोटा पंप, दाबून बघा. पहिले काही दाब पोकळ गेले, आणि कडक होईपर्यंत दाबल्यावर गाडी पटकन लागली, तर दुखणं पंपाच्या अलीकडे, टाकीकडच्या बाजूला आहे.

चौथागिअर
काकांना अनुमोदन. सोबत धूरही बघा. स्टार्टर मारताना सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय पण जळत नाही, म्हणजे हीटर प्लग (थंड इंजिन आतून तापवणारे) किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) कमी पडतंय. धूरच नसेल तर डिझेल पोचत नाही.

आणि जुन्या जीपसारखे नोझलचे नट सैल करून हवा काढायला जाऊ नका. कॉमन रेलचं प्रेशर कातडी फोडून आत जातं. एअर फिल्टरमध्ये गाडी चालू करायचा पेटता स्प्रे मारणारेही भेटतील, हीटर प्लगच्या गाडीत तो भडकतो.

शिवारवाट
प्रायमर चक्क पोकळ होता काका! कडक केल्यावर लगेच लागली. धूर काहीच नव्हता. डिझेल फिल्टर मागच्याच महिन्यात बदललाय, मग हवा कुठून?

ग्रीसकाका
मग तिथूनच सुरुवात करा. नवा फिल्टर बसवताना जुनीच ओ-रिंग (सीलची गोल रबरी रिंग) ठेवतात, नाहीतर ती दुमडून बसते. तळाचा पाणी काढायचा नटही बघा. फिल्टर ते पंप या तुकड्यात तात्पुरता पारदर्शक डिझेल पाईप जोडा आणि इंजिन चालू ठेवून बुडबुडे दिसतात का पाहा. दिसले तर तसाच पाईप फिल्टरच्या आधी लावा. तिथे स्वच्छ डिझेल असेल तर दोष फिल्टरचा किंवा त्यावरच्या प्रायमरचा, तिथेही बुडबुडे असतील तर टाकीपर्यंतचे क्लिप आणि रबरी पाईप तपासत मागे जा. क्लिपखाली चिरलेला रबर वरून दिसत नाही, वाकवून बघावा लागतो.

कुठेच बुडबुडे नसतील तर मात्र नोझलची रिटर्न टेस्ट करा. नोझलमधून उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या चारही रिटर्न नळ्यांना सारख्या बाटल्या लावून इंजिन चालवायचं. ज्या बाटलीत इतरांपेक्षा फार जास्त डिझेल जमेल, तेवढंच नोझल उतरवा. चारही नाही.