सुरगाण्यातल्या पोरांच्या कॉलेजसाठी काहीतरी करायचंय, पण नेमकं काय?

सातपूरकर:
नमस्कार मंडळी. आम्ही सातपूर एमआयडीसीतले सहा जण दर महिन्याला थोडे थोडे पैसे बाजूला काढतो, आत्तापर्यंत वह्या वाटल्या, स्वेटर वाटले, यंदा म्हटलं जरा वेगळं करू. माझं गाव सुरगाणा तालुक्यात. पोरं हुशार आहेत हो, पण बारावी झाली की निम्मी दिंडोरीला द्राक्षबागेत कामाला, उरलेली मिळेल त्या कॉलेजात बीएला. आता बघतो तर सगळीकडे कायकाय सुरू झालंय, जिल्हा परिषदेचं निवडक पोरांना शिकवणारं सुपर ५० आहे, सरकारी महाज्योती संस्थेवाले टॅब देऊन जेईई-नीटची तयारी करून घेतात, दक्षणा संस्थावाले त्याच तयारीसाठी नवोदयची पोरं निवडून नेतात, लीला पूनावाला फाउंडेशन मुलींना स्कॉलरशिप देतं. मी २००५ ला बारावी झालो तेव्हा आमच्या गावात यातलं काही पोचलंच नव्हतं. मग आम्ही सहा जण त्यात काय भर घालणार? क्लासची फी भरावी, टॅब घ्यावेत, की एखादा करिअर मेळावा घ्यावा? वर्षाला ऐंशी हजारापर्यंत जमतील.

खडूवाले_सर:
मेळावा नको. हात जोडतो. मी पेठ बाजूला ज्युनियर कॉलेजला एकोणीस वर्षं शिकवतोय. मागच्या वर्षी चार टीम आल्या, प्रत्येकीचा बॅनर, प्रत्येकीचं हारतुरे, एका पाहुण्यांनी तासभर स्वप्नं मोठी बघा म्हणून सांगितलं आणि शेवटी कोणाला काही विचारायचंय का म्हटल्यावर मागून एक पोरगी उठली, सर साडेचारची एसटी शेवटची आहे, जाऊ का. तेवढा एकच प्रश्न आला त्या दिवशी.

आणि ही मंडळी येतात कधी, तर फेब्रुवारीत! तोवर सीईटीच्या फॉर्मची घाई सुरू झालेली असते आणि पोरांकडे उत्पन्नाचा दाखला नसतो, डोमिसाईल नसतं, जातीचा दाखला काढलेला असला तर व्हॅलिडिटीचा, म्हणजे जात पडताळणीच्या प्रमाणपत्राचा, पत्ता नाही. यायचं तर नववी-दहावीला या.

अजून एक, महाज्योती ओबीसी, भटके-विमुक्त आणि एसबीसी म्हणजे विशेष मागास प्रवर्गासाठी आहे. तुमच्या गावची पोरं बहुतेक कोकणा, महादेव कोळी असणार, त्यांचं सगळं आदिवासी विकास विभागाकडे. अनुसूचित जातींना बार्टी, मराठा-कुणबींना सारथी, अशा वेगवेगळ्या सरकारी संस्था. ही वाटणी आमच्या स्टाफरूममध्येपण निम्म्यांना माहीत नाही, तुम्हाला दोष देत नाही.

नागलीची_भाकर:
सर बोलले ते शंभर टक्के. मी त्याच तालुक्यातली, घरात कॉलेजचं तोंड बघितलेली पहिली. सीईटीला मार्क चांगले होते, कॅपमध्ये, म्हणजे सरकारी प्रवेश फेरीत, सीट लागली, घरी गूळ वाटला. आणि व्हॅलिडिटी वेळेत आली नाही म्हणून मला ओपनमध्ये टाकलं आणि सीट गेली. कारण काय तर माझ्या दाखल्यावर कोकणा, वडलांच्या दाखल्यावर हिंदू कोकणी, आणि चुलत्यांच्या दाखल्यावर तर नुसतं हिंदू. गुरुजींच्या मनात त्या दिवशी जे आलं ते लिहिलं!! सरकारच्या यादीत कोकणा, कोकणी, कुकणा तिन्ही एकाच ठिकाणी आहेत पण जात पडताळणी कमिटीला पिढ्यान्‌पिढ्यांच्या कागदाची साखळी लागते, आणि आदिवासींसाठी ती ६ सप्टेंबर १९५० (यादी निघाली तो दिवस) च्या मागे गेली तर काम सोपं होतं. माझे आजोबा शाळेतच गेले नव्हते, मग त्यांचा कागद कुठून आणायचा?

वर्ष वाया गेलं, तेव्हा मीपण बागेत डिपिंगला, म्हणजे द्राक्षाचे घड औषधात बुडवायला, गेले. मग आमच्याकडचे एक रिटायर तलाठी आबा होते, ते म्हणाले शाळेचं सोड, कोतवाल बुक बघ, जन्म-मृत्यूची नोंद असते त्यात. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये तीन चकरा झाल्या, तिसऱ्या वेळी पंजोबाच्या नावाखाली मुलगा जन्मला अशी एक ओळ आणि पुढे जात कोकणा. शाई उडालेली पण वाचता येत होती. त्या एका ओळीवर मी आज इंजिनियर आहे, अंबडला नोकरी करते. टॅब मला कोणी दिला असता तर मी त्यावर गाणी ऐकली असती, खरं सांगते.

दादा, पैसे खर्च करायचेच तर दोन पोरं ठेवा जी फक्त कागद शोधतील.

गोदाकाठ:
ताई तुमचं पटलं पण मी जरा उलटं बोलतो. मी गंगापूर रोडला ज्या मुलांना मदत करतो ती आत आलेली असतात, कागद झालेले, ॲडमिशन झालेली, आणि दिवाळीला घरी गेली की त्यातली काही परत येतच नाहीत. त्याचं मोजमाप कोणी ठेवत नाही कारण प्रोग्रामवाल्यांचा रिपोर्ट ॲडमिशनला संपतो. २०२१-२२ च्या सरकारी सर्वेक्षणात देशभरात उच्च शिक्षणाचं प्रमाण २८.४ टक्के आणि आदिवासींचं २१.२, पण हा आकडा नाव नोंदवलेल्यांचा, टिकलेल्यांचा नाही.

गळती कशाने होते तर अगदी बारक्या गोष्टींनी. शिष्यवृत्ती महाडीबीटीच्या सरकारी पोर्टलवर मंजूर दिसते पण पैसे येत नाहीत, कारण पोराच्या बापाने बाजारात सिमकार्ड घेताना कोणीतरी पोराचंपण भलत्याच बँकेत खातं उघडून आधार तिकडे जोडलंय. पैसा त्या खात्यात जाऊन पडलेला आणि पोरगं इथे रूमचं भाडं थकलं म्हणून तोंड लपवून फिरतंय. हॉस्टेल मिळालं नाही तर राहण्या-जेवणाचे पैसे देणारी सरकारची स्वयं योजना आहे, पण हप्ता येईपर्यंत खायचं काय? मेसचे पैसे खात्यात नको, ताटात जेवण द्या म्हणून २०१८ साली पोरं पुण्याहून नाशिकला चालत निघाली होती ती उगाच नाही. तुमच्या ऐंशी हजारातले चाळीस उसने द्यायला ठेवा. हप्ता आला की परत. मी पाच वर्षं हेच करतोय, एकानेच बुडवले, आणि तो पण लग्नाला बोलवून गेला.

नाशिकचा_नातू:
माझा मावसभाऊ अमेरिकेत शाळेत शिकवतो, तो सांगत होता तिकडे हे १९६० च्या दशकापासून सरकारी पैशाने चालतं, अपवर्ड बाउंड नाव आहे, गरीब घरातल्या हायस्कूलच्या पोरांना उन्हाळ्यात कॉलेजच्या आवारातच राहायला नेतात. नंतर गिअर अप म्हणून आणलं, त्यात तर सातवीपासून अख्खा वर्गच धरतात, हुशार वेचत बसत नाहीत. आपल्याकडे सगळं टॉपर पन्नास, टॉपर तीस असंच का असतं?

खडूवाले_सर:
पन्नास पोरांचा फोटो एका फ्रेममध्ये बसतो म्हणून. गंमत सोडा, सुपर ५० वाईट नाही, आमचं एक पोरगं त्यातून चांगलं पुढे गेलं. पण एक्कावन्नावं पोरगं माझ्या वर्गात बसलेलं असतं ना.

सातपूरकर:
सगळ्यांचे आभार, मेळावा कॅन्सल, बॅनरवाल्याला ॲडव्हान्स दिला होता तो गेला, जाऊ दे. रविवारी दोघं जण गावी जाऊन आलो, शाळेत नववी-दहावीची यादी घेतली, चौतीस पोरं, त्यातल्या सात जणांकडेच जातीचा दाखला. एका पोराच्या आजीने पत्र्याच्या पेटीतून कागद काढला, तेलकट झालेला, घडीवर फाटलेला, म्हणाली हे सासऱ्याचं आहे, आम्हाला कोणालाच वाचता येत नाही पण टाकलं नाही. आम्हालापण वाचता येईना, बहुतेक जुनी मोडी लिपी आहे. सुरगाणा १९४८ पर्यंत संस्थान होतं, तेव्हाचं काही असेल का?

नाशिकमध्ये मोडी वाचणारं कोणी माहितीये का? फी देऊ. अजून चार घरांत अशा पेट्या आहेत म्हणतात. आणि नागलीची_भाकर ताई, ते तलाठी आबा अजून आहेत का, एकदा भेटवाल का?