मदत हवी आहे : नवी बॅटरी दोन दिवसांत उतरते, करंट कोण खातंय?

रात्रपाळी : गाडी दोन दिवस उभी राहिली की तिसऱ्या दिवशी सेल्फ मारल्यावर नुसतं टक-टक-टक. मीटरवरचे दिवे मिणमिणतात आणि विझतात. बॅटरी बदलून महिना झालाय, तरी तेच. गॅरेजवाल्याने चार्जिंग तपासलं, म्हणाला सगळं ओके. मला पहाटे चारला ड्यूटीवर निघायचं असतं, त्या वेळी धक्का मारायला कोण मिळणार? नेमका फॉल्ट कसा शोधायचा ते सांगा. लवकर सांगा.

पाना_पक्कड : गाडी किती जुनी, पेट्रोल की डिझेल? बॅटरी किती अँपिअर-अवरची? बाहेरून काही बसवलंय का, स्टिरिओ, कॅमेरा, ट्रॅकर? चार्जिंग 'ओके' म्हणजे किती व्होल्ट? यातलं काहीच लिहिलेलं नाही, सांगायचं कशावरून?

जुना_ड्रायव्हर : रात्री निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवायचं, सकाळी लावायचं. अकरा वर्षं मी हेच करतोय. कट-ऑफ स्विच बसवलात तर पानाही लागणार नाही.

मृदगंध : आणि घड्याळ, स्टिरिओचं सेटिंग रोज पुसलं जाईल त्याचं काय? दुखणं आहे तिथेच राहील. त्यांनी फॉल्ट कसा शोधायचा ते विचारलंय.

जुना_ड्रायव्हर : पहाटे चारला गाडी सुरू झाली म्हणजे झालं. घड्याळ मनगटावर असतं.

रात्रपाळी : पेट्रोल, सात वर्षं जुनी. बॅटरी ३५ अँपिअर-अवर. इंजिन चालू असताना १३.९ व्होल्ट. बाहेरचा फक्त डॅशकॅम आहे आणि तो चावी काढली की बंद होतो, त्यामुळे लिहिला नव्हता.

साखरझोप : डॅशकॅमच! माझ्याकडे पार्किंग मोडसाठी त्याची वायर थेट फ्यूज बॉक्समधून घेतली होती. स्क्रीन काळी, पण आत तो रात्रभर जागा. काढून फेका.

रात्रपाळी : काढून ठेवला. दोन दिवसांनी आज पुन्हा टक-टक.

उत्तरायण : बॅटरी नवी आहे म्हणजे चांगली आहे असं धरू नका. लेड-अ‍ॅसिड बॅटरी वारंवार पूर्ण उतरली की प्लेटांवर सल्फेट बसतं आणि क्षमता जाते. आधी चार्जरवर पूर्ण भरा, निगेटिव्ह काढा आणि दोन दिवस तशीच ठेवा. १२.६ व्होल्ट टिकले तर बॅटरी आपली आपण उतरत नाही. १२.२ म्हणजे निम्मी संपली समजा.

रात्रपाळी : केलं. १२.६ होते, १२.६च आहेत. म्हणजे गाडीच खातेय. पुढे?

पाना_पक्कड : आता खरं काम. मल्टीमीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घाला. निगेटिव्ह केबल सोडवून केबल आणि टर्मिनल यांच्यामध्ये मीटर जोडा, म्हणजे सगळा करंट मीटरमधून जाईल. त्याआधी बोनेट उघडं ठेवा आणि दाराचं लॅच स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद करा, नाहीतर गाडी दार उघडंच समजेल. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल. मग अर्धा तास हात लावू नका, कारण आतले कंट्रोल युनिट झोपायला वेळ घेतात. २० ते ५० मिलीअँपिअर म्हणजे ठीक. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा, ज्याला आकडा पडेल ती लाइन.

मृदगंध : फ्यूज काढून परत लावला की झोपलेलं युनिट जागं होतं आणि आकडा फसवतो. त्यापेक्षा फ्यूज न काढता त्याच्या पाठीवरच्या दोन टोकांवर मिलीव्होल्ट मोजा. जिथे काही दिसेल तिथून करंट जातोय.

पाना_पक्कड : साध्या मीटरवर ते मिलीव्होल्ट धड दिसत नाहीत. नवख्याला फ्यूज काढणंच सोपं. फक्त परत लावू नका, काढलेले बाजूला ठेवत जा.

जुना_ड्रायव्हर : इतकं कशाला? इंजिन चालू ठेवून निगेटिव्ह काढा. बंद पडलं तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर, गेलाय.

उत्तरायण : रात्रपाळी, हे अजिबात करू नका! चालू गाडीत बॅटरी तोडली की व्होल्टेज एकदम उसळतं, ईसीयू म्हणजे इंजिनचा कंप्युटर जाऊ शकतो. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत खपून गेलं असेल, आता नाही.

अबोली : थोडं अवांतर, इलेक्ट्रिक गाडीतसुद्धा १२ व्होल्टची बॅटरी असते का?

उत्तरायण : असते. दाराचं लॉक, दिवे, कंट्रोल युनिट तिच्यावरच चालतात. ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी उठत नाही.

रात्रपाळी : माझ्या गाडीकडे याल का? मोजलं. सुरुवातीला तीन अँपिअरच्या वर, अर्ध्या तासाने ०.४२ वर येऊन थांबला. मग बोनेटखालचे आणि डॅशबोर्डखालचे फ्यूज एकेक काढले. सगळे काढले. आकडा ०.४० च्या खाली येत नाही! मीटर खराब आहे का?

तारांगण : मीटर बरोबर सांगतोय. ०.४२ अँपिअर म्हणजे दिवसाला १० अँपिअर-अवर, दोन दिवसांत तुमच्या ३५ मधले २० गेले. हिशोब जुळतो. आणि फ्यूज काढूनही आकडा हलत नाही, म्हणजे चोर फ्यूज बॉक्सच्या अलीकडे आहे. तिथे उरतात स्टार्टर आणि अल्टरनेटर, त्यांच्या जाड वायरी थेट बॅटरीवरून येतात. अल्टरनेटरमधले डायोड करंट उलटा जाऊ देत नाहीत, पण ते अधू झाले की गाडी बंद असताना गळती सुरू. बाकीचे डायोड काम करत राहतात, म्हणून गॅरेजमध्ये १३.९ दिसले. एक सांगा, रेडिओत शिट्टीसारखा आवाज येतो का, अ‍ॅक्सिलरेटरबरोबर चढणारा?

रात्रपाळी : येतो! पावसाळ्यापासून येतोय. मला वाटलं एरियल गेली, त्याचा बॅटरीशी काय संबंध म्हणून लिहिलं नाही.

तारांगण : उद्या पहाटे सेल्फ मारण्याआधी अल्टरनेटरच्या पाठीला हात लावून बघा. मग बॅटरीचं निगेटिव्ह काढा, अल्टरनेटरवरची जाड वायर सोडवा, तिच्या टोकाला टेप गुंडाळा आणि पुन्हा मोजा. निगेटिव्ह आधी काढायचंच, ती वायर कायम जिवंत असते. पाना बॉडीला टेकला तर ठिणगी.

रात्रपाळी : हात लावला. इंजिन थंडगार, रेडिएटरचा पाइप थंड, आणि अल्टरनेटरची पाठ कोमट. रात्रभर उभ्या गाडीत! वायर सोडवून मोजलं तर ०.०२. दोनदा मोजलं, विश्वासच बसेना.

पाना_पक्कड : रेक्टिफायर प्लेट, म्हणजे ते डायोड बसवलेली प्लेट, वेगळी मिळते, आख्खा अल्टरनेटर बदलायला लावतील तर आधी विचारा.

जुना_ड्रायव्हर : तोवर तरी रात्री टर्मिनल काढून ठेवा.

रात्रपाळी : तेच करतोय काका, आणि त्यामुळेच आठवडाभर ड्यूटी चुकली नाही. काल प्लेट बदलली. रेडिओची शिट्टी गेली. गाडी तीन दिवस उभी ठेवून कळवतो.

रात्रपाळी : तीन दिवस झाले. १२.५ व्होल्ट, पहिल्या सेल्फला सुरू. तारांगण, पाना_पक्कड, सगळ्यांचे मनापासून आभार.

साखरझोप : माझ्याही रेडिओत शिट्टी येते, पण गाडी उतरत नाही. प्लेट बदलू का?

तारांगण : आधी उभ्या गाडीचा करंट मोजा. किती येतो?